गाडीच्या पोटातली काजळी

काजळी हा शब्द आपल्या घरांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. कंदील गेले, चिमण्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर तिन्हीसांजेला फडक्यावर चिमूटभर रांगोळी घेऊन काच पुसत बसणारी पोरेही गेली. पण ज्यांच्या वाट्याला ते काम आले होते त्यांना एक गोष्ट अजून आठवत असेल. वात नीट कापलेली असली आणि हवा पुरेशी मिळाली, की ज्योत स्वच्छ जळे. वात वाजवीपेक्षा वर सरकवली, की घटकाभरात काच काळी! काजळी म्हणजे दुसरे काही नव्हे, पुरते न जळलेले तेल.

हा विस्मरणात गेलेला शब्द गेली काही वर्षे पुन्हा कानांवर येऊ लागला आहे, आणि तोही मोटारीच्या गॅरेजात. ज्यांच्या दारात २०२० नंतर घेतलेली डिझेलची गाडी आहे, आणि जे ती घरापासून कचेरीपर्यंत, कचेरीपासून मंडईपर्यंत आणि मंडईपासून घरापर्यंतच फिरवतात, त्यांच्यापैकी पुष्कळांनी स्टिअरिंगच्या पलीकडे, वेगाच्या काट्याशेजारी एक पिवळा दिवा लागलेला पाहिला असेल. धुराच्या नळीवर एक डबा आणि डब्यात ठिपके, असे त्याचे चित्र असते. गॅरेजातली मंडळी त्याला ‘डीपीएफचा दिवा’ म्हणतात. डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर हे त्या डब्याचे पूर्ण नाव. मी त्याला काजळीची गाळणी म्हणतो. आम्हां मराठीच्या प्राध्यापकांनी सुचवलेले शब्द फारसे टिकत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण हा टिकावा असे वाटते, कारण त्या यंत्राचे सारे काम त्यात आले आहे.

आमच्या मेहुण्यांच्या गाडीत हा दिवा लागला तो २०२३ च्या मे महिन्यात. मेहुणे कोथरूडला राहतात. कचेरी कर्वे रस्त्यावर, घरापासून जेमतेम साडेतीन किलोमीटर. आदल्या वर्षी त्यांनी मोठी, उंच, दणकट अशी डिझेलची गाडी घेतली. ‘डिझेल परवडते’ हे वाक्य त्यांनी पंधरा वर्षांपूर्वी कधीतरी ऐकले होते आणि ते मनात घर करून बसले होते. गाडी विकणाऱ्याने त्यांना उघडणारे छप्पर दाखवले, कर्जाचे हप्ते समजावून सांगितले, पेढ्याचा पुडाही हातावर ठेवला. मात्र ‘साहेब, रोज किती चालवणार?’ हा एक प्रश्न काही त्याने विचारला नाही. तो विचारणे हे विकणाऱ्याचे पहिले कर्तव्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवा लागला तरी गाडी उत्तम चालत होती. त्यामुळे तीन आठवडे तो तसाच जळत राहिला. मग त्याच्या शेजारी दुसरा दिवा लागला, आणि एके दिवशी चांदणी चौकाच्या चढावर गाडीची ताकदच गेली. मागून भोंगे वाजताहेत आणि गाडी मालगाडीच्या चालीने वर चढते आहे, असा तो प्रकार. वर्कशॉपमध्ये दोन दिवस ठेवून निरोप आला, की गाळणी तुंबली आहे, ती नवीच बसवावी लागेल, खर्च एक लाखाच्या वर जाईल, आणि हमीत हे बसत नाही, कारण दोष गाडीचा नसून वापराचा आहे. अकरा महिन्यांची गाडी! त्यात जूनमध्ये मुलीचा इंजिनिअरिंगचा प्रवेश. फीसाठी बाजूला काढलेली रक्कम आणि गाळणीची किंमत यांत फारसे अंतर नव्हते.

त्याच सुमारास एका लहान गॅरेजवाल्याने दुसरा मार्ग दाखवला. ‘‘साहेब, आतली जाळी फोडून काढतो, डबा वरून तसाच दिसेल. कॉम्प्युटरलाही समजावून ठेवतो, पुन्हा दिवा लागायचा नाही. वीस हजारांत मोकळे.’’ मेहुण्यांचे मन डळमळले. तेव्हा मेहुण्यांच्या सौभाग्यवतींनी, आमच्या वहिनींनी, एक साधा प्रश्न विचारला, ‘‘मग ती काजळी जाणार कुठे?’’ गॅरेजवाला प्रामाणिक माणूस. म्हणाला, ‘‘हवेत, ताई. पूर्वी जायचीच की!’’

हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. पण त्याच्याकडे वळण्यापूर्वी हा डबा करतो काय आणि तुंबतो का, हे पाहू. मेहुण्यांनी गाडीसोबत मिळालेले जाडजूड पुस्तक माझ्या हवाली केले. ‘‘तुम्ही वाचणारी माणसं, जरा बघा बुवा यात काय आहे ते.’’ उत्तरपत्रिका वाचून वाचून मला कोणतेही अक्षर वाचण्याची सवय झाली आहे. मी ते वाचले, आणि जिथे अडलो तिथे आमच्याच कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये आउग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, याच्यात ती लागत नाही. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरले की पंप गरम होतो ना, तीच ही युक्ती. नुसती हवा इतकी दाबायची की ती भयंकर तापते, आणि मग त्या तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडायचा. तो आपोआप पेटतो. हे इंजिन मोठे काटकसरी. तेलातल्या उष्णतेचा अधिक हिस्सा ते कामाला लावते आणि धुराबरोबर कमी उष्णता वाया घालवते. पण फवाऱ्याच्या दाट भागात हवा पुरेशी पोहोचत नाही, तिथले तेल अर्धवट जळते आणि काजळी धरते. वात वर सरकवलेल्या कंदिलात जे होते, तेच इथे मिनिटाला हजारो वेळा होते.

ही काजळी अडवण्यासाठी धुराच्या नळीत चिनी मातीसारख्या, उष्णता सोसणाऱ्या पदार्थाचा एक ठोकळा बसवलेला असतो. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक बारीक नळ्या त्यात असतात. एका नळीचे पुढचे तोंड उघडे तर मागचे बुजवलेले. तिच्या शेजारणीचे नेमके उलटे. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नाही म्हणून सच्छिद्र भिंतीतून शेजारच्या नळीत झिरपतो आणि बाहेर पडतो. काजळी भिंतीवर अडकते. शंभरातले पंचाण्णव भाग आणि त्याहूनही अधिक काजळी अशी अडवली जाते. नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत बोट घालून पाहिले तर ते बहुधा स्वच्छच बाहेर येते, ते यामुळे. (गाडी थंड असतानाच हा प्रयोग करावा.)

आता, गाळणी म्हटली की ती कधीतरी झटकावी लागणार. चहाची गाळणी आपण मोरीत आपटतो. इथे ती सोय नाही, म्हणून काजळी आतल्या आत जाळून टाकायची अशी योजना आहे. काजळी आपणहून जळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. गाडी हमरस्त्यावर तासभर नीट पळत असली, की धूर इतका तापतो की मदतीला असलेल्या रासायनिक लेपाच्या जोरावर अडीचशे ते चारशे अंशांतही काजळी हळूहळू जळत राहते. चालवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. हे झाले नाही, तर गाडीतला कॉम्प्युटर स्वतः पुढाकार घेतो. गाळणीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजून ती किती भरली याचा तो अंदाज बांधतो, आणि ठरावीक हद्द गाठली की इंजिनात नेहमीच्या फवाऱ्यानंतर थोडे जादा डिझेल सोडतो. ते इंजिनात नव्हे, तर पुढे धुराच्या वाटेवर जळते आणि गाळणीला सहाशे अंशांपर्यंत तापवते. दहा ते वीस मिनिटांत काजळीची राख होते. या क्रियेला ‘रिजनरेशन’ म्हणतात. मिस्त्री लोक ‘रिजन मारणे’ म्हणतात, तेच अधिक सुटसुटीत आहे.

आणि इथेच घोडे पेंड खाते. साडेतीन किलोमीटरच्या फेऱ्यात, सिग्नलला थांबत थांबत, डिझेलचे इंजिन नीट तापतच नाही. काटकसरी स्वभावामुळे ते पेट्रोलच्या इंजिनापेक्षा मुळातच सावकाश तापते. थंड इंजिन काजळी जास्त धरते आणि ती जाळायला लागणारी उष्णता मात्र देत नाही. म्हणजे आवक वाढली, जावक बंद! बरे, कॉम्प्युटरने रिजन सुरू केले, तर पाचव्या मिनिटाला कचेरी येते आणि आपण किल्ली फिरवून मोकळे होतो. असे चार-सहा वेळा अर्ध्यावर मोडले, की दिवा लागतो. तो दिवा म्हणजे गाडीचे गाऱ्हाणे असते, की मला एकदा पंधरा-वीस मिनिटे सलग पळू द्या. ते ऐकले तर प्रश्न तिथेच मिटतो. न ऐकले तर काजळी इतकी साठते की एकदम पेटल्यास गाळणीच तडकेल. म्हणून कॉम्प्युटर रिजनचा नादच सोडतो आणि इंजिनाची ताकद कमी करून टाकतो. चांदणी चौकात झाले ते हे.

एक आणखी गोष्ट त्या पुस्तकात अगदी बारीक टायपात होती, आणि ती ठळक छापायला हवी होती. अर्ध्यावर मोडलेल्या प्रत्येक रिजनच्या वेळी जादा सोडलेल्या डिझेलपैकी थोडे इंजिनाच्या भिंतीवरून ओघळून खालच्या ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ होते आणि त्याची पातळी वाढते. मेहुण्यांची ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर! ते म्हणाले, ‘‘चला, ऑइल तरी भरपूर आहे.’’ वास्तविक ते काळजीचे लक्षण होते. पातळ ऑइलाने इंजिनाचे नाजूक भाग झिजतात, आणि तो खर्च गाळणीहून भारी पडतो.

आता त्या गॅरेजवाल्याच्या उत्तराकडे येऊ. ‘पूर्वी जायचीच की!’ होय, जात होती. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. मधली पाचवी पायरी सरकारने ओलांडूनच टाकली. त्याआधीच्या चौथ्या पायरीत डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम काजळीकण सोडण्याची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. त्यासाठी तेलही बदलावे लागले. डिझेलमधला गंधक दशलक्ष भागांत ५० होता, तो १० वर आणला गेला, कारण गंधकाने गाळणीच्या मदतीचा तो रासायनिक लेप निकामी होतो. म्हणजे २०२० पूर्वीच्या गाड्यांचे मालक हुशार होते आणि आताचे कमनशिबी, असे काही नाही. पूर्वी आपली काजळी बसथांब्यावर उभ्या असलेल्या माणसांच्या छातीत जात होती, आणि त्याचे बिल आपल्याला कोणी पाठवत नव्हते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराची गणना कर्करोगास निश्चित कारण ठरणाऱ्या पदार्थांत केली. हे कण इतके सूक्ष्म, की नाकातल्या केसांना न जुमानता ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. मेहुण्यांच्या फाटकाशीच सकाळी शाळेची बस थांबते, आणि ते गाडी बाहेर काढतात तीही नेमकी त्याच वेळी. जाळी फोडून वीस हजारांत मोकळे व्हायचे, म्हणजे हे सगळे त्या पोरांच्या अंगावर ढकलून मोकळे व्हायचे. शिवाय कायद्याचीही बाब आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत.

हेच नाटक विलायतेत आपल्याआधी दहा वर्षे होऊन गेले. इंग्लंडात २००१ पासून मोटारीवरचा वार्षिक कर कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर बसू लागला, डिझेलच्या गाड्या त्यात स्वस्त पडू लागल्या आणि शहरी कुटुंबांनी त्या धडाधड घेतल्या. २००९ नंतर युरोपच्या पाचव्या पायरीच्या नियमांनी गाळणी जवळजवळ सक्तीची झाली. मग मुलांना शाळेत सोडून परत येणाऱ्या गाड्यांचे दिवे लागू लागले, आणि जाळ्या फोडून देणारी गॅरेजेही निघाली. शेवटी फेब्रुवारी २०१४ पासून तिकडच्या वार्षिक तपासणीत गाळणी जागेवर नसेल तर गाडी नापास करण्याचा नियम आला.

आपल्याकडे डिझेलचा मोह पडला तो निराळ्या कारणाने. २०१२ च्या उन्हाळ्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपये लिटर होते आणि डिझेल ४१ रुपये. पेट्रोलवरचे सरकारी भावनियंत्रण २०१० मध्येच उठले होते. डिझेलवरचे २०१४ च्या ऑक्टोबरात उठले आणि दोहोंमधली दरी पुष्कळ बुजली. दरी बुजली तरी मनातली समजूत बुजायला वेळ लागतो. कारखानदारांना मात्र हिशेब लवकर कळला. मारुती सुझुकीने एप्रिल २०२० पासून डिझेलच्या मोटारी बनवणेच सोडून दिले. ज्यांना महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर हमरस्त्याने जावे लागते त्यांना डिझेल आजही शोभते. ज्यांचे जगणे पाच किलोमीटरच्या वर्तुळात आहे त्यांनी पेट्रोल, सीएनजी किंवा विजेची गाडी घ्यावी. यात मला तरी दुसरी बाजू दिसत नाही.

पण गाडी दारात उभी आहे त्यांनी काय करावे? माझ्या मते आठवड्यातून एकदा तिला हमरस्ता दाखवावा. साठ किलोमीटरच्या वर वेग, काटा दोन हजार फेऱ्यांच्या आसपास किंवा वर, आणि हे सलग वीस-पंचवीस मिनिटे. इंजिन चालू ठेवून गाडी दारातच उभी करणे हा उपाय नव्हे. त्याने काजळी उलट वाढते. टाकीत डिझेल तळाला गेले असेल तर पुष्कळ गाड्या रिजन सुरूच करत नाहीत, म्हणून चतुर्थांश टाकी तरी भरलेली असावी. गाडी थांबवल्यावर पंखा जोराने फिरतो आहे, उभ्या गाडीचा काटा नेहमीपेक्षा वर आहे, तापलेल्या लोखंडाचा वास येतो आहे, अशी लक्षणे दिसली तर समजावे की रिजन चालू आहे. जमल्यास आणखी एक फेरा मारून यावे. आणि अशा वेळी गाडी वाळल्या गवतावर किंवा पाचोळ्यावर मुळीच उभी करू नये, खालचा डबा निखाऱ्यासारखा तापलेला असतो. ऑइल पुस्तकात सांगितलेलेच घालावे. साध्या ऑइलातल्या क्षारांची राख गाळणीत साठते, आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. पुष्कळ गाड्यांत ॲडब्लू नावाचे एक पाणीदार द्रव्य भरावे लागते. त्याचा काजळीशी संबंध नाही, ते नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी असते. ते भरले म्हणजे गाळणीची चिंता मिटली, अशा भ्रमात राहू नये.

दिवा वारंवार लागत असेल तर नुसते हमरस्त्यावर पळवूनही भागत नाही. कधी थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो आणि इंजिन तापतच नाही, कधी फवारा मारणारा इंजेक्टर गळत असतो. गाळणी बदलण्याचा सल्ला देणाऱ्याला ‘ती तुंबली का?’ हे आधी विचारावे. उत्तर देता आले नाही तर दुसरे दार ठोठवावे.

मेहुण्यांनी तेच केले. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका वर्कशॉपात वयस्क फोरमन भेटले. त्यांनी कॉम्प्युटर लावून सांगितले, ‘‘साहेब, काजळी हद्दीच्या बाहेर गेली आहे, इथे जाळण्यात धोका आहे. पण गाळणी फुटलेली नाही. काढून यंत्रावर धुऊन आणू.’’ गाळणी काढली, साफ होऊन आली, ऑइल बदलले, कॉम्प्युटरला नवा हिशेब शिकवला. सारे मिळून सव्वीस हजारांत भागले. कॉलेजची फी वेळेवर भरली गेली.

त्यानंतर दर गुरुवारी मेहुण्यांच्या घरी नारायणपूरच्या दत्तदर्शनाचा नेम सुरू झाला. कात्रजच्या बोगद्यातून सातारा रस्त्याला लागायचे, खेड शिवापूर मागे टाकून कापूरहोळला डावीकडे वळायचे. देवापर्यंत पोहोचेतो गाळणी मोकळी. वहिनींना आधी संशय होता, की ही भक्ती दत्ताची की डब्याची. पुढे त्यांनी तो सोडून दिला, कारण येताना सासवडची ताजी अंजिरे मिळत. वर्षभर दिवा लागला नाही. मात्र सव्वीस हजारांवर दर आठवड्याचे डिझेल आणि टोल चढू लागला तेव्हा मेहुण्यांनी वही काढली, आणि २०२४ च्या दिवाळीनंतर गाडी विकली.

ती घेतली फलटणच्या एका व्यापारी गृहस्थांनी. त्यांची आठवड्यातून तीनदा पुण्याला खेप असते. मेहुण्यांनी व्यवहाराच्या वेळी गाळणीची सारी हकीकत सांगितली, धुलाईची पावतीही हवाली केली. काही महिन्यांनी कागदपत्रांच्या निमित्ताने फोन झाला तेव्हा मेहुण्यांनी दिव्याची चौकशी केली. ‘‘कुठला दिवा?’’ पलीकडून विचारणा झाली, आणि मग ते गृहस्थ बराच वेळ टायरांविषयी बोलत राहिले.